बंबाच्या धुराड्याची वही

वही शंभर पानी आहे. पुठ्ठा तपकिरी, कोपरे काजळीने काळे झालेले. आत प्रत्येक पानावर पेन्सिलीने रेघा ओढून चार रकाने पाडले आहेत: वेळ, धुराड्याचं तापमान, घातलेलं जळण, शेरा. सुरुवातीच्या पानांवरचं अक्षर माझ्या वडिलांचं आहे, नंतरचं बहुतेक माझं. पुढे मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात काढली. तिथलं माझ्या हातचं कात्रणसुद्धा मी जपून ठेवलेलं नाही. ही वही ठेवली आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही देऊळगाव राजाला राहत होतो. वडील हायस्कुलात शास्त्र शिकवत. मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी आलो होतो आणि नोकरीचे अर्ज करत होतो. वय एकवीस. धाकटी बहीण नऊ वर्षांची. भाद्रपदात तिला ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आईने तिला तोंड धुवायला उठवलं, तेव्हा तिचा उजवा पाय तिला उचलता आला नाही.

तीन आठवडे ती जालन्याच्या दवाखान्यात होती. घरी सोडताना डॉक्टरांनी आई-वडिलांना समोर बसवलं. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आखडलेत, ते सैल करायला ओला, कडक शेक द्यायचा, असं त्यांनी सांगितलं. लोकरीच्या पट्ट्या उकळीला आलेल्या पाण्यात बुडवायच्या. एक थेंबही गळणार नाही इतक्या पिळायच्या. मग पायाला गुंडाळायच्या, गार झाल्या की बदलायच्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक तास. त्यानंतर पाय हलक्या हाताने वाकवायचा, सरळ करायचा. असं सहा आठवडे.

आईने एकच प्रश्न विचारला. "चालेल ना हो ती?"

"पाय मोकळा राहिला तर चालायला शिकवता येईल," डॉक्टर म्हणाले. "आखडला, तर नाही. शेकात खंड पडू देऊ नका. पाणी कोमट असेल तर शेक दिला काय, न दिला काय, सारखंच."

 देऊळगावला उतरल्यावर बहिणीला कडेवर घेत वडील आईला म्हणाले, "बंबाजवळ खाट टाकू."

आमचा बंब तांब्याचा होता. उंचीला कमरेएवढा, मधून आरपार नळी. नळीच्या तळाशी जाळी, वरच्या तोंडातून जळण टाकायचं. नळीत आग आणि नळीभोवती पाणी. त्या नळीच्या वरच्या भागालाच आम्ही धुराडं म्हणत असू. पाणी चार बादल्या मावायचं. बाजूला पितळी तोटी, वरती पाणी ओतायला झाकणाचं तोंड. वापरायचा नियम एकच होता आणि तो कोणी कोणाला शिकवत नसे: तोटीतून जेवढं गरम पाणी घ्याल तेवढं गार पाणी वरून ओता. आमच्या गल्लीत मूल स्वतःच्या हाताने आंघोळ करायला लागलं की हे आपोआप करायचं. बादली काढली आणि ओतली नाही, असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आईच्या म्हणण्यावरून आधी चुलीवर पातेलं ठेवून दोन दिवस शेक देऊन पाहिला. पट्ट्या बदलायला सारखं उकळतं पाणी लागायचं, एक पातेलं संपून दुसरं तापेपर्यंत पायावरची पट्टी गार पडायची, आणि चुलीवर स्वयंपाकही करायचा होता. बंबात पाणी भरपूर, आणि तो मागच्या ओसरीला लागून असलेल्या न्हाणीत होता. खाट ओसरीवर टाकली. बंब आणि खाट यांच्यात चार पावलांचं अंतर राहिलं.

अडचण जळणाची होती. आमच्याकडे बंब पऱ्हाटीवर चालायचा. कापूस वेचून झाल्यावर शेतातून उपटलेली ती वाळकी झुडपं उन्हाळ्यात गाडीभर येत आणि वर्षभर पुरत. दिवाळीच्या सुमारास तो ढीग तळाला लागलेला असतो. खालची पऱ्हाटी पावसात भिजून दमट झालेली. थोडं बाभळीचं लाकूड होतं, तेही दमट. पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन विझते. मूठभर जास्त घातली तर आग धुराड्यातून वर निघून जाते आणि पाणी आहे तिथेच राहतं. बाभूळ एकटी घातली तर नुसती धुमसते. दिवसातून तीनदा ठरल्या वेळी पाणी उकळीला आणायचं आणि ढीग सहा आठवडे पुरवायचा, असा तो हिशोब होता.

वडिलांनी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेतून तीनशे साठ अंशांचा थर्मामीटर आणला. सायकलचा जुना आरा वाकवून त्याचा आकडा केला आणि थर्मामीटर धुराड्यात असा टांगला की पाऱ्याचा फुगा तोंडापासून एक वीत खाली राहावा. चार दिवस ते स्वतः स्टुलावर बसून होते. निष्कर्ष त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. धूर दीडशेच्या खाली गेला तर आग मंद आहे, अर्ध्या तासात पाण्याची उकळी उतरेल. दोनशेच्या वर गेला तर जळण वाया जातंय. दीडशे ते दोनशे यांच्यामध्ये ठेवायचं. खाली अधोरेखित केलेली एक सूचना: तीनशेच्या वर गेल्यास थर्मामीटर तत्काळ काढावा, फुटेल.

"पाण्यातच का नाही घालत?" मी विचारलं होतं.

"एकच आहे. धुरातून काढून पाण्यात घातला की तडकला. आणि पाणी उतरलं हे पाण्यावरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. धूर आधी सांगतो."

त्यानंतर वडील शाळेत गेले की थर्मामीटर माझ्याकडे यायचा. दर वीस मिनिटांनी पाहायचं, लिहायचं, गरज असेल तर मूठभर पऱ्हाटी टाकायची. बहीण खाटेवरून दर वेळी विचारायची, "दादा, किती?"

"एकशे साठ."

"मग मी अजून कच्चीच आहे."

एकशे ऐंशी सांगितलं की ती म्हणायची, "आता मीठ टाका." दोनशेच्या पुढे गेलं की, "करपले!" आई पट्ट्या पिळता पिळता तिच्यावर ओरडायची, पण हसायची. पट्ट्या म्हणजे एका नव्या घोंगडीचे आईने कात्रीने केलेले सात तुकडे. ओल्या पट्टीचं एक टोक आईच्या काठीला गुंडाळलेलं, दुसरं माझ्या काठीला, आणि आम्ही उलट दिशांना पीळ घालायचो. शेवटचा थेंब पडला की आई पट्टी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची आणि मग पायाला गुंडाळायची. पहिली पट्टी लागली की बहीण दोन्ही हातांनी खाटेची दोरी धरायची. ओरडायची नाही. दुसऱ्या आठवड्यात तिचा गुडघा पूर्वीपेक्षा चार बोटं जास्त सरळ होऊ लागला. वडिलांनी ते फूटपट्टीने मोजलं होतं.

दिवाळीला आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, मेहकरकडे डोणगावला दिलेली. ती आली की घराला शिस्त लागायची. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. आत्याने तेल लावलं, उटणं लावलं, बहिणीला खाटेवरच पुसून काढलं. सात वाजता शेक सुरू केला. बहीण म्हणाली, "आज गारच आहे की."

वडिलांनी धुराडं पाहिलं. एकशे ऐंशी. वहीत सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी नियमात होत्या. त्यांनी तोटीखाली हात धरला आणि पाणी खरोखरच कोमट निघालं. आगीने आपलं काम केलं होतं. आम्ही चौघांनी मात्र एकेक बादली काढून एकेक बादली ओतली होती, आणि आत्याने केस धुतले म्हणून दोन. तोपर्यंत आम्ही तिघं शेकाच्या वेळा सोडून वेगवेगळ्या वेळी आंघोळ करायचो, म्हणून हे कधी लक्षात आलं नव्हतं. पाणी पुन्हा तापायला पाऊण तास गेला. त्या दिवशी पाय सरळ करताना बहीण पहिल्यांदा रडली.

वडिलांनी शाळेतला खडू घेतला आणि न्हाणीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: विचारल्याशिवाय बंबात पाणी ओतू नये.

आत्याने ते मोठ्याने वाचलं. "हे कोणासाठी? मला वाचता येतं म्हणून माझ्यासाठीच असणार." तिचा भाऊ हायस्कुलातला शिक्षक असला तरी लहानपणी त्याला अंघोळ तिनेच घातली होती, हे तिने त्याला दोनदा ऐकवलं. पण नियम पाळला. तिच्याइतका कोणीच पाळला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. चौथा आठवडा चालू होता. त्या दिवशीचं पान माझ्यासमोर आहे. सकाळचा शेक झाला होता. वडील शाळेत, आई स्वयंपाकघरात, बहीण खाटेवर पुस्तक वाचत पडलेली. मी न्हाणीच्या दारात स्टुलावर बसून एक बातमी लिहीत होतो. जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाने मजकूर पाठवून पाहा म्हटलं होतं. मोसमातल्या पहिल्या बाजाराला किती गाड्या कापूस आला, हे मी आदल्या दिवशी उभा राहून मोजलं होतं आणि ते अचूक मांडायच्या प्रयत्नात होतो.

दहा वाजता आत्या बादली घेऊन आली. तिने आपल्या आंघोळीचं पाणी काढलं. दुसरी बादली आडावरून भरून आणली आणि बंबाचं झाकण उघडलं. मग भिंतीकडे पाहून थांबली.

"अरे, ओतू का?"

"नको. बाराचा शेक आहे."

"बादलीभर घेतलंय मी."

"नको ना, आत्या. बाबा काय म्हणाले?"

"मला काय विचारतोस बाबा काय म्हणाले? त्याला बोलायला मी शिकवलं." तिने बादली खाली ठेवली.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. दोन गोधड्या भिजवायच्या होत्या. दोन बादल्या काढल्या. "आता तरी ओतू का?" तिने विचारलं. मी वर न पाहता मान हलवली. नाही अशी.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. दहा: एकशे ऐंशी, बाभळीचं एक लाकूड. दहा वीस: दोनशे दहा. दहा चाळीस: दोनशे पंचावन्न, जळण घातलं नाही. अकरा: तीनशे, थर्मामीटर काढून ठेवला.

अक्षर नीट आहे. खाडाखोड नाही. जळण न घालता धूर तापत का चालला, हा प्रश्न वहीत नाही आणि त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हता. चारपैकी तीन बादल्या पाणी गेलेलं होतं. उष्णता घ्यायला नळीभोवती पाणीच नव्हतं, म्हणून ती सगळी वर येत होती. धूर वडिलांनी म्हटल्याप्रमाणे आधीच सांगत होता. मी तो आकडा टिपून घेतला, थर्मामीटर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि कापसाच्या गाड्यांकडे वळलो.

सव्वा अकराच्या सुमारास नळीत सूं असा आवाज सुरू झाला. आमच्या बंबाच्या नळीचा उभा सांधा पूर्वी एकदा उकलला होता आणि कथील वितळवून, त्याचा डाख लावून जोडला होता. तो डाख पाघळला. सांधा वरून खाली उकलत आला, तळाशी उरलेलं पाणी निखाऱ्यांवर पडलं आणि वाफ, राख, धूर असं सगळं एकदम धुराड्यातून वर आलं. मी स्टुलासकट मागे पडलो.

"दादा," बहीण ओसरीवरून म्हणाली, "आता किती?"

मग तिला न्हाणी दिसली आणि तिने आईला हाक मारली. आई कणकेच्या हाताने धावत आली. तिने आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बंबाकडे. जाळीखालच्या राखेत कथलाचे गोल मणी चमकत होते.  आई घड्याळ पाहायला आत गेली. शेकाला चाळीस मिनिटं उरली होती.

आत्या ओल्या गोधड्यांशेजारी उभी होती. "मी विचारलं होतं रे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोनदा विचारलं होतं."

मागच्या भिंतीपलीकडे एक मोठं शेतकरी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या काकूंचं डोकं भिंतीवर दिसलं. त्या दगडावर चढून बोलायच्या.

"काय फुटलं वं मास्तरीणबाई? माह्या म्हशीनं दावं तोडलं ना!"

"बंब गेला," आई म्हणाली.

"गेला तं गेला. पोरीले तं नाही लागलं?"

"नाही. पण बाराला शेक आहे. चुलीवर एवढं पाणी..."

"आमचा बंब काऊन हाये मंग? तापूनच राह्यला. थांबा." मग माझ्याकडे बघून, "काऊन रे, तुह्या काचेच्या काडीनं सांगतलं नाही काय?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मंग?"

मी पडलेलं स्टूल उचलून उभं केलं.

पाच मिनिटांत त्या स्वतः घंगाळ घेऊन दारात आल्या, पदराने कडी धरलेली, तोंडावर ताटली झाकलेली. आईने ते पाणी चुलीवर पुन्हा उकळीला आणलं. तोवर त्यांच्या सुनेने दुसरं आणलं. त्या दिवशीचा दुपारचा शेक बारा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. वहीत तसं लिहिलं आहे.

वडील शाळेतून आले. त्यांनी बंब पाहिला, मग वही मागितली. त्या चारही ओळींवरून त्यांचं बोट हळू फिरलं.

"तीनशेला काय केलंस?"

"थर्मामीटर काढला."

"आणि?"

"वहीत लिहिलं."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "नोंदी बरोबर आहेत," ते म्हणाले.

ते रागावले असते तर मी कदाचित विसरलो असतो. पुढे बातम्यांच्या टेबलावर तरुण मुलं आकडे बरोबर आणायची आणि त्या आकड्यांत काय चाललंय ते त्यांना दिसलेलं नसायचं. तेव्हा मी त्यांना काही बोलत नसे. आकड्यावर बोट ठेवून एवढंच विचारायचो, "आणि?" ही पद्धत माझी नव्हती.

त्या संध्याकाळी वडील आणि मी बंब हातगाडीवर घालून तांबटाकडे नेला. तांबटाने नळीत हात घालून उकललेला सांधा चाचपला.

"कोरडा ठेवला गुरुजी?"

"चुकून."

"कोनाच्या हातून?"

"माझ्या," मी म्हणालो.

"वाटलंच. बाईमानसाच्या हातून असं होत नाही." कथलाने आता भागणार नाही, सांधा पितळेच्या पक्क्या डाखाने जोडावा लागेल, आणि हातात आधीची कामं आहेत, म्हणून त्याने आठ दिवस सांगितले.

आठ दिवस म्हणजे चोवीस शेक. घरी आलो तेव्हा मागच्या काकू आमच्या ओसरीवर बसून त्याची व्यवस्था लावत होत्या. सकाळचं पाणी त्यांच्या घरचं. दुपारचं समोरच्या घरचं, कारण त्यांच्याकडे दुपारी उशिरापर्यंत आंघोळी चालतात. संध्याकाळचं कोपऱ्यावरच्या दोन घरांचं आळीपाळीने. वडिलांनी त्यांना वही दाखवून वेळा समजावून सांगितल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मले वाचता येत नाही. तुमच्या आडावर ऊन आलं का सकाळचं, ना गेलं का संध्याकाळचं. बाराचं तं मलेही समजते."

एकाही वेळेला उशीर झाला नाही. थर्मामीटर फळीवर फडक्यातच होता. पण वडिलांनी वही बंद करू दिली नाही. त्या आठ दिवसांच्या पानांवर तापमानाच्या रकान्यात घरं लिहिलेली आहेत: मागचं घर, समोरचं घर, कोपरा. शेऱ्यात पाणी उकळतं आलं की पुन्हा तापवावं लागलं, ते आहे. चोवीसपैकी एकोणीस वेळा उकळतं आलं होतं. दमट पऱ्हाटीचा ढीग त्या घरांचाही तळालाच लागलेला होता. हे तेव्हा मला माहीत होतं आणि मी ते वहीत लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. भाजीची वाटी आली तर तिच्यात काहीतरी घालून पाठवायची. पाण्याच्या घंगाळाला ही रीत लागू आहे का, यावर आई आणि आत्यात चर्चा झाली. शेवटी आईने त्यात उरलेले चार रव्याचे लाडू ठेवले आणि मला मागच्या घरी पाठवलं. काकूंनी ताटली उचलून पाहिलं.

"पान्याच्या बदली लाडू? काय बे, सोयरिक करून राह्यले काय तुमचे मायबाप?"

दुसऱ्या दिवशी आईने परसातले पेरू पाठवले. मग कढीपत्ता. आठव्या दिवशी काहीच उरलं नाही तेव्हा तुळशीची पानं. ते घंगाळ एकदाही रिकामं गेलं नाही. आत्याचं सोवळं कडक होतं. परघरच्या पाण्याला तिने एरवी हात लावला नसता. त्या आठ दिवसांत ती दारात उभी राहून प्रत्येक घंगाळ स्वतः उतरवून घ्यायची आणि पट्ट्या पिळायला माझ्या जागी उभी राहायची. तिच्या मनगटात माझ्यापेक्षा जोर होता. डोणगावला परत जायचा दिवस तिने तीनदा पुढे ढकलला.

नवव्या दिवशी बंब परत आला. नळीवर पितळेची पिवळी शिवण दिसत होती. वडिलांनी भिंतीवरचं वाक्य ओल्या फडक्याने पुसलं आणि नवीन लिहिलं: जेवढं काढाल तेवढं ओता, आणि खाटेवर सांगा.

खाटेवर म्हणजे बहिणीला. पाण्याचा हिशोब तिच्याकडे दिला. तिच्या उशाशी भिंतीवर कोळशाने दोन रांगा करायच्या, काढलेल्या बादल्या वर, ओतलेल्या खाली. शेकाच्या आधी तासभर काढायचं नाही, हेही तिनेच सांगायचं. तिने ते काम असं केलं की आम्हाला चूळ भरायला तांब्याभर पाणी घेतानाही तिची परवानगी लागायची. "आत्या, एक बादली बाकी आहे तुमच्याकडे," ती खाटेवरून ओरडायची. आत्या म्हणायची, "आली गं बाई, मामलेदार!" मी धुराडं पाहून आकडा सांगायचो, ती बादल्या सांगायची, आणि दोन्ही जुळले नाहीत तर मी उठून पाहायचो. वहीत तिथून पुढे पाचवा रकाना आहे.

सहा आठवडे पुरे झाल्यावर जालन्याच्या डॉक्टरांनी पाय तपासला. गुडघा पूर्ण सरळ होत होता. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, टाच धरून पाऊल वर वाकवलं आणि आईला म्हणाले, "आता चालायला शिकवू." शेक दिवसातून एकदाच द्यायला सांगितला, सकाळी. मग पायाला चामड्याचा पट्टा आणि पोलादी पट्ट्यांचा आधार आला. ओसरीच्या खांबापासून खाटेपर्यंत, खाटेपासून उंबऱ्यापर्यंत अशी ती भिंत धरून चालू लागली. पडायची, आणि पडली की "करपले" म्हणायची. मागच्या काकू दगडावर चढून पाहायच्या आणि घरच्यांना ओरडून सांगायच्या. तूर निघून तिच्या वाळक्या काड्यांची, तुराटीची, नवी जळणं आली तेव्हा त्यांनी एक गाडी न सांगता आमच्या परसात रिकामी करवली.

ती अजून चालते, जरा उजवीकडे झुकून. जालन्यालाच शिक्षिका झाली, निवृत्त झाली. ज्यांनी तेव्हा पाणी आणलं त्यांपैकी आता कोणी राहिलेलं नाही. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती, तोंडाने कोणी कोणाला तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही कोणाला म्हटलं नव्हतं.

वहीतलं शेवटचं पान माघातलं आहे. सकाळी आठची नोंद. आई पाणी आणायला आडावर गेली होती, वडील शाळेची तयारी करत होते. मी स्टुलावर बसून धुराड्यात वाकलेलो होतो. मागून पोलादी पट्ट्यांचा आवाज आला. बहीण खांब सोडून, भिंत न धरता, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी आली होती. तिथून बंबापर्यंत दोन पावलं होती. तीही तिने टाकली. तोटीखाली तांब्या धरला, भरला, बाजूच्या घंगाळात ओतला. मग वाकून बादलीतलं गार पाणी तांब्यात घेतलं, डाव्या हाताने बंबाचं झाकण उघडलं आणि ते वरून ओतलं. झाकण लावलं. वडील दारात आलेले मला दिसले. ते तिथेच थांबले.

"एक काढला, एक ओतला," ती म्हणाली. "लिही. आणि दादा, किती?"

मी आकडा पाहिलाच नव्हता. त्या वहीत तापमानाचा तेवढाच एक रकाना रिकामा आहे.